निमगडे आणि अंदाजाची पेटी

दिवाकर निमगडे यांना एखादी गोष्ट हवी असली, की ते आधी ती शोधत नाहीत. ती तिथे किती असेल, याची चौकशी करतात. चंद्रपूरच्या गोल बाजारात पिशवी घेऊन शिरले की त्यांचा पहिला फेरा हात मागे बांधून, काही न घेता. कशाचे ढीग जास्त, काय एखाद्याच दुकानात आहे, हे बघत ते परत सुरुवातीला येतात, क्षणभर डोळे मिटतात आणि मग खरेदीला निघतात. भाजीवाल्या बायका त्यांना ओळखून आहेत. "आले पाहणीवाले साहेब," म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात.

एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. मला वांगी हवी होती आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मी वांगी बघत पुढे निघालो तर त्यांनी माझा दंडच धरला.

"वांगे काऊन शोधून राह्यले, भाऊ? वांगे शोधाचे नसते. हात लांब केला का भेटते. विचारपूस कराची तर वास्त्यांची करा. पयले अंदाज घ्या, मंग पाय उचला!"

विचारपूस होईपर्यंत वास्ते संपले होते. मी वांगी घेऊन घरी आलो आणि हा माणूस माझ्याशी वांग्यांवरून का भांडला, हे बायकोला सांगायचा प्रयत्न केला. तिलाही समजलं नाही.

आमची संस्था चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव जाऊन सिकलसेलसाठी रक्त तपासते, आणि ज्यांना आजार निघेल त्यांना औषधं देते. हा आजार आईबापांकडून रक्तातून येतो. थंडी पडली, पाणी कमी पडलं, फार दगदग झाली की हाडंन्‌हाडं दुखतात. त्याहून वाईट म्हणजे आजार आहे असं बाहेर कळलं, की घरातल्या पोरींच्या सोयरिकी अडतात. म्हणून लोक तो लपवतात. तपासलेल्या माणसांची नावं, गावं, निकाल असं सगळं आमच्या सर्व्हरवर असतं आणि तो सर्व्हर निमगडे सांभाळतात. मी वांढरे. मी गाड्या, डिझेल, खुर्च्या आणि ऑफिसचा चहा सांभाळतो. चहा मी दुसऱ्या कुणाच्या हाती सोडत नाही. आलं, गवती चहा आणि वरून थोडा ओवा, हे प्रमाण माझं स्वतःचं आहे.

निमगडे पन्नाशीला टेकलेले, बिनलग्नाचे, अंगाने काटक. उन्हाळ्यातही फुलशर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "हा अंदाज कवाचा?" बस दुपारी येते म्हणा, अमका साहेब भला माणूस आहे म्हणा, "हा अंदाज कवाचा?" ठरलेला. मी एकदा त्यांना छातीठोकपणे सांगितलं, की आष्टीकडून जाणारा रस्ता मोकळा असतो, गाडी कशी वाऱ्यासारखी जाते. त्या रस्त्याला लागलो आणि सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज घेऊन निघालेल्या ट्रकांच्या रांगेत अडकलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, डोळ्यात लाल धूळ. निमगडे शांतपणे म्हणाले, "तुमचा अंदाज शिळा झाला, वांढरे भाऊ. रस्ता बदलला, तुमी नाई बदलले." रागावायला वाव नव्हता, कारण ते खरंच होतं.

हे सगळं त्यांना त्यांच्या डेटाबेसने शिकवलं, असं ते म्हणतात. त्यांनी मला ते कितीदा समजावलं! प्रत्येक वेळी ते सांगत असताना मला समजतं, आणि ते उठून गेले की समजलेलं त्यांच्यामागून निघून जातं. पण एकदा एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात जो प्रकार झाला, त्यामुळे थोडंसं डोक्यात राहिलं.

तिथे एका माणसाला त्याच्या तपासणीचा निकाल हातोहात द्यायचा होता. आडनाव मडावी. झाडाखाली माणसं बसली होती. मी गाडीतून उतरून विचारलं, "इथे मडावी कोण?" बसलेले सगळेच उभे राहिले. एक म्हातारा तर हातातली तंबाखू टाकून उभा राहिला, सरकारी काम असेल म्हणून. मग ते गोंडीत एकमेकांशी काहीतरी बोलले आणि माझ्याकडे बघून मनसोक्त हसले. निमगडे गाडीतूनच ओरडले, "बाप्पा! मडावीच्या गावात मडावी विचारता? मानूस कुठी रायते असं विचारल्यासारखं झालं ना हे!" खाली उतरून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की शिलाई मशीन कुणाच्या घरी आहे. मशीन एकाच घरी होतं. आमचा माणूस शिंपीकाम करायचा. आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि निमगड्यांनी पाकीट त्याच्या हातात देताना मला बाहेरच उभं केलं.

परत येताना त्यांनी माझी शिकवणी घेतली. डेटाबेसमध्ये तक्ते असतात, तक्त्यात रकाने असतात. लाखभर ओळींमधून एखादी ओळ काढायची, तर कुठून सुरुवात करायची हे यंत्राला आधी ठरवावं लागतं. म्हणून ते प्रत्येक रकान्याचा थोडक्यात अंदाज काढून वेगळा ठेवतं. या रकान्यात वेगवेगळी नावं किती, सगळ्यात जास्त वेळा येणारं कोणतं, आणि ओळीने लावली तर पहिलं कोणतं, शेवटचं कोणतं, मधली कोणती. "मंग यंत्र पायते. मडावी म्हनलं का त्याले समजते, इथी आडनावावरून जाण्यात मतलब नाई, दुसरीकडून जा. अन चंद्रपुरात कर्णिक म्हनलं का समजते, सीधा जा." ही अंदाजांची वेगळी जागा म्हणजे त्यांची 'अंदाजाची पेटी'. मी खूप विचार करून विचारलं, की मग ही पेटी लोखंडाची का प्लास्टिकची? त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, ते चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसेपर्यंत.

कर्णिक हे नाव त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. कर्णिक मॅडम आमच्या नव्या प्रकल्प अधिकारी. पुण्याहून आलेल्या, कामाला वाघ, बोलणं तडकफडक. त्यांनी ठरवलं की संस्थेच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा स्क्रीन लावायचा आणि पाहुणे येतील तेव्हा त्यावर आपलं काम दिसायला हवं. स्क्रीनवाल्याने सांगितलं, की सगळे तक्ते चाळत बसलं तर वेळ लागतो. तुमच्या सर्व्हरमध्ये अंदाज तयारच असतात, तेवढे उघडून द्या, झटपट होईल. मॅडमनी निमगड्यांना तसं सांगितलं आणि निमगडे म्हणाले, नाही.

"का नाही?"

"पेटीले कुलूप आहे, मॅडम. मीच लावलं. तालुक्यावार बेरजा पायजे तर करून देतो. पेटी नाई उघडत."

"अहो, पण मूळ तक्ते बंदच राहणार आहेत ना? मी फक्त अंदाज मागतेय. अंदाजात कुणाचं काय दिसणार?"

"खरी नावं दिसते," निमगडे म्हणाले. "यंत्र अंदाज काढाले नावं बनवत नाई, मॅडम. आतमधलीच उचलते. तक्त्याले कुलूप अन अंदाज उघडा, म्हंजे पुढचं दार बंद अन मागचं सताड."

मॅडमना ते पटेना. त्यांनी सरळ मागणी केली, "मला एक उदाहरण दाखवा. एक नाव. मी लगेच गप्प बसते."

इथे गोंधळ झाला. कारण निमगडे एकही नाव दाखवायला तयार होईनात. मॅडम म्हणाल्या, पुरावा नाही म्हणजे तुमचं म्हणणं खोटं. निमगडे म्हणाले, पुरावा दाखवला म्हणजे नाव बाहेर गेलं, मग कुलूप कशाला लावलं? मॅडम म्हणाल्या, मी काय परकी आहे का? निमगडे म्हणाले, रोग्याला तुम्ही परक्याच. मी मध्ये चहाचे कप घेऊन उभा. मला मॅडमचं बोलणं ऐकलं की मॅडम बरोबर वाटायच्या आणि निमगड्यांचं ऐकलं की निमगडे. शेवटी मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं. पाहुणे येण्याच्या आत पेटी उघडली नाही, तर सर्व्हरचं काम नागपूरच्या माणसाकडे जाईल, आणि तो आल्या आल्या पेटी उघडेल.

निमगडे जेवेनासे झाले. डबा उघडायचे आणि तसाच मिटायचे. नोकरी जाण्याची भीती असेल, असं मला वाटलं. मी म्हटलं, "अहो, उघडून टाका. कोण वाचत बसणार आहे भिंतीवर? लोकं तर टीव्ही लागला तरी मोबाइलच बघतात."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "नोकरी गेली तं गेली, भाऊ. पन माह्या मागून थो पोट्टा येईन अन पेटी उघडीन. हॉलमधी कोण बसते? औषध न्याले आलेली बाई बसते, अन तिच्याच बाजूले तिच्या पोरीले पाह्याले येनारे सोयरे बसते. त्यायनं वर पायलं तं?"

हॉलमधल्या त्या खुर्च्या मीच मांडतो, एकीला लागून एक. पण यावर उपाय काय, ते मला कुठून सुचणार? मी आपला वैतागून बोलून गेलो, "मग रोग्यांची नावं नका दाखवू. आमचीच दाखवा, ऑफिसातल्यांची. आम्हाला कुठे सोयरिकी करायच्या आहेत!"

निमगडे उठून उभे राहिले. माझा हात हातात घेऊन त्यांनी तो एवढ्या जोरात हलवला, की माझ्या घड्याळाची पट्टी तुटली. मी काय एवढं बोललो, हे मला अजिबात समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसातल्या एकेकाला आपल्या खोलीत बोलावून कानात काहीतरी विचारत होते. कुणी खुदकन हसत होतं, कुणी माझ्याकडे बघून नजर चुकवत होतं, आणि काहीजण आत बसून कीबोर्डवर काहीतरी बडवून येत होते. मला बोलावलं नाही. मॅडमना मात्र बोलावलं. त्याही हसत बाहेर आल्या. मी सगळ्यांना चहा नेऊन दिला आणि सगळ्यांनी तो आज जरा जास्तच प्रेमाने घेतला.

संध्याकाळी निमगड्यांनी सगळ्यांना सर्व्हरच्या खोलीत जमवलं. त्यांनी कालपर्यंत नसलेला एक छोटासा तक्ता बनवला होता. त्यात एकच रकाना, नावांचा. एका प्रश्नाला ज्यांनी 'हो' म्हटलं, त्यांनी आपलं नाव आत लिहायचं होतं. तक्त्याला त्यांनी कुलूप घातलं आणि मॅडमना म्हणाले, "उघडा." मॅडमनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परवानगी नसल्याची पाटी आली.

"छान. म्हणजे सुरक्षित आहे," मॅडम म्हणाल्या.

"आता तुमी मागितली तशी या तक्त्याच्या अंदाजाची पेटी उघडतो," निमगडे म्हणाले आणि त्यांनी एक बटण दाबलं.

पडद्यावर नावं आली. ओळीने लावलेली, अगदी नीट. आठवले, उईके, कर्णिक, कोवे, गेडाम, झाडे, ठाकरे... ऑफिसातले निम्म्याहून जास्त लोक त्यात होते. "मोठा तक्ता असन तं निवडक नावं घेते," निमगडे सांगत होते. "छोटा असला का सगळीच उचलते. छोट्या तक्त्याचा अंदाज म्हंजे थो तक्ताच. अन आपले औषधवाले रोगी एकेका तालुक्यात असे किती? छोटेच तक्ते."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. सगळे खाली बघत होते. मी म्हटलं, "पण प्रश्न काय होता?"

 निमगड्यांनी खाकरून सांगितलं, "तुमी वांढरे भाऊचा चहा खिडकीतून कुंडीत ओतता का?"

खिडकीखालच्या कुंडीतली तुळस का वाळते, याची मी वर्षभर काळजी करत होतो. दोनदा माती बदलली होती. रोज "छान झालाय हं" म्हणणाऱ्या मॅडमचं नाव तिसऱ्या नंबरावर झळकत होतं. मॅडमनी स्वतः पुढे होऊन पडदा बंद केला. "बंदच ठेवा ती पेटी," त्या म्हणाल्या. "बेरजा द्या मला, बेरजा पुरेत." मग माझ्याकडे वळून, "वांढरे, ओवा... ओवा जरा कमी करा."

मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. पण निमगडे जेवायला लागले, त्याचं बरं वाटलं. मॅडमनी त्यांना एकदा सहज विचारलंही, की तुमच्या हे लक्षात आलं तरी कसं? "काम करता करता," एवढंच म्हणून ते सटकले.

पाहुणे येऊन गेले आणि थंडी पडली. जिवतीच्या तपासणी शिबिराला गाडी न्यायची होती, ड्रायव्हर रजेवर, म्हणून मीच निघालो. निमगडे एक मोठं बोचकं घेऊन आपणहून गाडीत बसले. सर्व्हरच्या माणसाचं शिबिरात काय काम, ते मला समजेना. गडचांदूरच्या अलीकडे त्यांनी गाडी आत वळवायला लावली. तिथे एका गावात त्यांची मोठी बहीण राहते. मेहुणे चुनखडीच्या खाणीत कामाला.

बहीण दारातच भेटली. "आला येडा!" म्हणाली आणि मला बसायला खाट टाकली. निमगड्यांनी बोचक्यातून जाड ब्लँकेट काढलं, लोकरीचे मोजे काढले, आणि एक शब्द न बोलता हातपंपाकडे गेले. दोन्ही ड्रम भरले. मग चुलीवर पाणी तापवलं. येता-जाता बहिणीला, "बाई, पानी पे. बाई, उन्हात बस," चालू होतं. ती मला म्हणाली, "थंडी पडली का असंच करते, भाऊ. दर आठवड्याले येते अन पानी भरून जाते. काऊन म्हनलं, तं म्हनते कसरत करून राह्यलो. या वयात कसली कसरत?"

निमगडे तिसऱ्या खेपेला पंपावर गेले तेव्हा ती माझ्याजवळ आली. गाडीवर आमच्या दवाखान्याचं नाव आहे. तिने ते बघितलं होतं. पदर तोंडाशी धरून ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमाले एक सांगू का? मले गोळ्या तुमच्याच दवाखान्यातून चालू आहे. सिकलसेलच्या. दिवाकर तिथीच कामाले आहे, पन तिथली नावं कुलपात रायते म्हनते. आमच्या घरच्यायले माहीत आहे. पन दिवाकरले बोलू नका. त्याले मीच वाढवलं. मायच्या मागं मीच त्याची माय. त्याले वाटते बाई दगडावानी मजबूत आहे. समजलं तं जिवाले लावून घेईन थो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? समोर पंपाचा दांडा करकरत होता आणि फुलशर्टाच्या बाह्या दुमडलेला तो माणूस, ज्याला काही माहीत नाही असं तिला वाटत होतं, तिच्यासाठी पाणी उपसत होता. आमच्या छोट्या तक्त्यांच्या अंदाजात त्याला कुणाचं नाव दिसलं असेल, आणि मॅडमनी एक नाव मागितलं तेव्हा त्याचा डबा का मिटला, हे मला त्या खाटेवर बसल्या बसल्या समजलं. एवढ्या दिवसांत त्यांचं मला न सांगता समजलेलं ते एकच. आणि ते समजून काय करायचं, हे मात्र समजेना.

निघालो. गाडी मुख्य रस्त्याला लागली. माझ्या तोंडात शब्द घोळत होते. दोघंही एकमेकांपासून तेच लपवताहेत, मी एक वाक्य बोललो असतो तर दोघांचंही ओझं उतरलं असतं. मी गाडी बाजूला घेतली. "निमगडे भाऊ," मी म्हटलं, "ताई मघाशी मला..."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. पंपाच्या गार पाण्याने तो अजून गारच होता.

"तिनं तुमाले सांगतलं असन," ते म्हणाले. "मले सांगू नका. मले जे दिसलं थे मागच्या दारातून दिसलं. त्याले माहीत असनं म्हनत नाई, भाऊ. बाई सांगन, तवा मले समजन."

"आणि तिने कधीच नाही सांगितलं तर?"

त्यांनी दुमडलेल्या बाह्या पुन्हा मनगटापर्यंत खाली ओढल्या, बटणं लावली.

"तं पानी भरत राहू," ते म्हणाले. "चला."